अत्तार साहेबांचा झिरो

आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडून अत्तार साहेब कोथिंबिरीची काडीसुद्धा तिचा काटा तपासल्याशिवाय घेत नाहीत. रिकाम्या ताटलीवर एक बोट ठेवतात, हलकेच दाबतात, सोडतात आणि आकडे शून्यावर येईपर्यंत मान वाकवून बघत राहतात. मागे आम्ही पिशव्या धरून ताटकळत असतो. शून्य आलं की ते वळून आम्हाला कळवतात, "झिरोला आला." जसं काही आम्ही त्याच बातमीसाठी रांग लावली होती.

एकदा तो काटा उणे पाच ग्रॅमवर थांबला. अत्तार साहेब रागावले नाहीत. "मावशी, काटा रिवर्कला द्या," एवढंच म्हणाले आणि रिकामी पिशवी घेऊन घरी गेले. भाजीवाली बिचारी मला म्हणाली, "ताई, त्या सायबांना सांगा की, पाच गिराम त्यांच्याच फायद्याचं व्हतं." मी संध्याकाळी जिन्यात त्यांना ते सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "वहिनी, प्रश्न फायद्याचा नाही. प्रश्न झिरोचा आहे." त्या दिवशी त्यांच्याकडे नुसती डाळ शिजली.

पूर्ण नाव मुनीर अत्तार. पिंपरीकडच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी तपासणी खात्यात काढली. यंत्रावरून उतरलेला भाग त्यांच्या टेबलावर यायचा आणि घड्याळासारखा काटा असलेल्या मापकानं ते तो मोजायचे. त्या मापकाच्या पोटात स्प्रिंग असते. मोजून झालं की काट्यानं मुकाट शून्यावर परत यायचं. नाही आला तर मोजलेलं सगळं खोटं. हे मला ठाऊक असायचं खरं तर काही कारण नाही. पण कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत आमची आणि त्यांची बैठकीची भिंत एक आहे, जिना एक आहे, आणि जिन्यात अत्तार साहेब भेटले की काहीतरी शिकल्याशिवाय माणसाला वर जाता येत नाही.

ते निवृत्त झाले, पण त्यांचं खातं काही सुटलं नाही. जगातल्या यच्चयावत वस्तू त्यांच्या लेखी तीन प्रकारच्या: पास, रिवर्क आणि रिजेक्ट. माझे पोहे इतकी वर्षं रिवर्कमध्ये आहेत. सोसायटीची लिफ्ट रिवर्क. आमचे सेक्रेटरी दामले रिजेक्ट, आणि ते त्यांनी दामल्यांना भर सभेत, 'आपण' असं म्हणून, अत्यंत आदरानं सांगितलं होतं. आमच्याकडे चहाला आले तर आधी दार पूर्ण उघडून सोडून देतात आणि ते आपणहून बंद होतं की बोटभर फट राहते हे बघतात. फट राहतेच. मग चहा पिताना ते अधूनमधून त्या फटीकडे बघत राहतात आणि माझा नवरा सुधीर ओशाळून जातो. दार त्यानंच बसवून घेतलं होतं. 'पास' हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून मी स्वतः कधी ऐकला नव्हता. तो त्यांनी कुठल्याशा मोठ्या प्रसंगासाठी राखून ठेवला असावा अशी माझी समजूत होती.

पण हे सगळं किरकोळ. त्यांचं खरं तपासणी खातं म्हणजे त्यांची गिटार.

गिटार लाल रंगाची, विजेवर वाजणारी. तरुणपणी कारखान्यातून सुटले की संध्याकाळी ते ऑर्केस्ट्रात वाजवत. गणपतीत, लग्नांत, कामगारांच्या मेळाव्यांत. या गिटारीचं वैशिष्ट्य असं की तिची घोडी, म्हणजे तारा खाली जिथं टेकतात तो धातूचा भाग, घट्ट बसवलेली नाही. ती तरंगती आहे. एका बाजूनं तारा तिला ओढतात आणि गिटारीच्या पोटातल्या स्प्रिंगा दुसऱ्या बाजूनं. ही रस्सीखेच बरोबरीत राहिली की घोडी मध्ये स्थिर. घोडीला एक दांडी जोडलेली. तार छेडून दांडी दाबली की तारा सैल पडतात आणि सूर झोका खाली यावा तसा उतरतो. दांडी सोडली की स्प्रिंगा घोडीला जागेवर आणतात आणि सूर पुन्हा वर, होता तिथं येतो.

यावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात तो येत नाही. केसभर खाली राहतो, नाहीतर केसभर वर चढतो. कधी तार वरच्या खाचेत अडकते, कधी खुंटीवरचा वेढा सरकतो. बरं, एक तार नीट करायला जावं तर रस्सीखेच बिघडते आणि बाकीच्या पाच सुरातून सुटतात. अत्तार साहेब म्हणायचे, "एकत्र कुटुंब आहे वहिनी. एकीची समजूत काढली की पाचजणी रुसतात." तारा खाचेत अडकू नयेत म्हणून ते त्या खाचांत शिसपेन्सिलीची पूड भरत. त्यापायी सोसायटीच्या ऑफिसात दोऱ्याला बांधलेली पेन्सिलही एकदा गायब झाली होती. ती परत आली तेव्हा करंगळीएवढी उरली होती.

आमची सकाळ भिंतीपलीकडच्या त्या आवाजावर सुरू होते. आधी एक लांब 'टंऽऽग'. मग तो सूर घरंगळत खाली जातो, पुन्हा वर येतो आणि थांबतो. मग अत्तार साहेब विचारतात, "आलं का?" आणि त्यांच्या स्वयंपाकघरातून नसीमभाभी, म्हणजे त्यांच्या पत्नी, निकाल देतात, "नाही." पुन्हा टंऽऽग. "आलं का?" "थोडं कमी." एरवी ती दोघं घरात त्यांच्या हिंदीत बोलतात, पण सुराची बोलणी मराठीत, कारण त्यांचा ऑर्केस्ट्रा मराठी होता. सुधीर दाढी करता करता आमच्या बाजूनं "आलं हो, आलं," असं म्हणायचा. तो निकाल कधीच ग्राह्य धरला गेला नाही.

नसीमभाभींचा निकाल ग्राह्य का, तर त्या ऑर्केस्ट्राच्या गायिका. दोघांची ओळख तिथलीच. त्यांच्यातल्याच एका मित्रानं चाल दिलेलं झोक्याचं एक गाणं भाभी गात. त्यात 'झोका' या शब्दावर त्यांचा आवाज खाली येऊन वर जाई आणि त्याच क्षणी अत्तार साहेब दांडी दाबून गिटारीचा सूर त्यांच्याबरोबर खाली नेऊन वर आणत. दोन्ही झोके एकदमच जागेवर यायचे आणि लोक शिट्ट्या मारायचे. हे मला भाभींनीच सांगितलं, शिट्ट्यांसकट.

आता थोडं पट्टीविषयी. गाणाऱ्याचा सा पेटीच्या ज्या सुरावर धरला जातो ती त्याची पट्टी. पांढऱ्या सुरांना पांढरी एक, पांढरी दोन म्हणतात, काळ्यांना काळी एक, काळी दोन. मी आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवते, बरी वाजवते, त्यामुळे एवढं मला सांगता येतं. नसीमभाभींची पट्टी काळी चार. बाईमाणसासाठी चांगली उंच. त्या पट्टीचा त्यांना जो अभिमान होता तो दुसऱ्या कुणाला आपल्या बंगल्याचा नसेल. कुणी नवीन ओळख करून दिली की नावानंतर गाव सांगावं तसं त्या काळी चार सांगत. त्यांच्याबरोबरची एक गायिका वयानं खालच्या पट्टीवर आली तेव्हा भाभी म्हणाल्या होत्या, "आता पोळ्या लाटा म्हणावं." पुण्यात इतकी वर्षं राहिल्यावर जिभेला एवढी धार येतेच.

आणि मग भाभींच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. मानेतली गाठ होती, निघाली, घाबरण्यासारखं काही निघालं नाही. बोलण्यातला आवाज हळूहळू परत आला. डॉक्टरांनी गायलाही हरकत नाही म्हणून सांगितलं. पण भाभी गाईनात. मी विचारलं, तर म्हणाल्या, "गाईन तर काळी चारमध्ये गाईन. नाहीतर पोळ्या लाटीन." दुसऱ्या बाईसाठी काढलेला शब्द त्यांच्याच आडवा आला होता. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना त्या गुणगुणायच्या तेसुद्धा बंद झालं. भिंतीपलीकडे इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. अत्तार साहेब त्या दिवसांत जिन्यात भेटले तर काही न शिकवता, नुसती मान हलवून पुढे जात. मला त्याचीच जास्त काळजी वाटली.

मग एक दिवस टंऽऽग पुन्हा सुरू झालं. अत्तार साहेबांनी भाभींना सांगून टाकलं होतं की गाण्याची घाई नको, आधी गिटार झिरोला येऊ दे. दांडी सोडल्यावर सूर जागेवर येत नाही तोवर गाण्यात काही अर्थ नाही. मात्र सूर जागेवर आला की नाही हे बघायला कुणीतरी सा लावायला हवा. गायचं नाही, फक्त गिटारीच्या तपासणीसाठी सा लावायचा. भाभींनी तपासणीसाठी सा लावला. दुसऱ्या दिवशीही लावला. अशा रीतीनं सगळा दोष गिटारीवर गेला आणि भाभींचा गळा नुसता साक्षीदार म्हणून रोज हजर राहू लागला.

गिटार मात्र काही केल्या सुधारेना. किंवा आम्हाला तसं वाटलं. अत्तार साहेब दर थोड्या दिवसांनी ती उताणी टाकत, पाठीचं झाकण उघडत आणि स्प्रिंगांचे स्क्रू फिरवत. पुढे त्यांनी जाड तारा आणल्या. त्या खाचांत बसेनात म्हणून बारीक कानशीनं खाचा रुंद केल्या. मग खुंट्यांजवळ चिमट्यासारखं लावायचं एक इवलंसं यंत्र आणलं. सूर बरोबर लागला की त्याचा दिवा हिरवा होतो. ते यंत्र त्यांनी दुसऱ्या कुणाला हाताळू दिलं नाही, अगदी मलाही नाही, आणि मी तर फक्त बटण कुठलं एवढंच बघत होते.

ऑर्केस्ट्रातला एक जुना मित्र म्हणाला, कशाला एवढा खटाटोप, घोडीच्या मागे लाकडाची ठोकळी ठोक, दांडी काढून टाक, सूर जन्मात हलणार नाही. अत्तार साहेब म्हणाले, "आणि झोका?" मित्रानं चहा संपवला आणि निघून गेला.

याच काळात त्यांच्या घरातली आणखीही यंत्रं एकामागून एक आजारी पडली. भाभींचा विजेवरचा तंबोरा दुरुस्तीला म्हणून बुधवार पेठेत गेला तो गेलाच. विचारलं की उत्तर ठरलेलं, पार्ट मिळत नाही. मोबाइलमधला तंबोरा त्यांनी प्लास्टिकचा आहे म्हणून रिजेक्ट केला. आणि एकदा मी उत्साहानं माझी पेटी घेऊन त्यांच्याकडे गेले तर दारातच मला म्हणाले, "वहिनी, पेटी नको. ओलाव्यानं तिचे सूर फुगलेत." माझी पेटी. वडिलांची. मी ती उचलली आणि तडक घरी आले. पुढचे काही दिवस आमच्याकडून त्यांच्याकडे वाटीसुद्धा गेली नाही.

पावसाळा सरता सरता भिंतीपलीकडे सा नंतर रे ऐकू यायला लागला. मग गाण्याची एक ओळ, मग दोन. अजूनही म्हणायला ती गिटारीची तपासणीच. दामल्यांनी ते ऐकलं आणि जाहीर करून टाकलं की यंदा सोसायटीची दिवाळी पहाट आपल्याच पार्किंगमध्ये आणि गाणार नसीमभाभी. सगळ्यांना वाटलं भाभी नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "गिटार काळी चारला टिकली तर गाईन. त्यांना विचारा." अत्तार साहेब म्हणाले, टिकेल.

मग बी विंगमधला अनिकेत पुढे आला. तो आयटीत आहे आणि त्याच्याकडे मोठा कीबोर्ड आहे. "काका, मी बॅकिंग देतो ना. जस्ट सपोर्टला. काकूंना कॉन्फिडन्स येईल." अत्तार साहेबांनी त्याला शांतपणे सांगितलं, "कीबोर्ड रिजेक्ट." दामले मध्ये पडले. शब्दाला शब्द वाढला. अत्तार साहेबांनी शेवटी सांगितलं की कीबोर्ड खाली पार्किंगमध्ये उतरला तर गिटार वर घरातच राहील. एवढ्याशा गोष्टीवरून म्हातारा इतका का इरेला पेटलाय हे कुणालाच कळेना. मलाही नाही. माझा तर पेटीचा राग अजून गेला नव्हता.

तो राग मला एक दिवस पेटीवाल्याकडे घेऊन गेला. फुगलेत म्हणजे किती फुगलेत ते कळू दे. त्यानं भाता दाबून सगळे सूर एकेक ऐकले आणि म्हणाला, "बाई, पेटीला काही झालेलं नाही. ज्यांनी सांगितलं त्यांचे कान आणा, बघून देतो." मी विजयी मुद्रेनं घरी आले.

दुपारची वेळ होती. भिंतीपलीकडे झोक्याचं गाणं चाललं होतं, गिटारीसकट. मी पेटी उघडली आणि हळूच काळी चार दाबली. सूर खाडकन अंगावर आला. जुळेना. एक सूर खाली आले, पांढरी पाच. तीही नाही. आणखी एक खाली, काळी तीन. काळी तीनवर पेटी, गिटार आणि भाभींचा गळा असे तिघंही एकात एक मिसळून गेले.

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. जन्मभर दुसऱ्यांचे काटे दाबणाऱ्या माणसाची गिटार दोन सूर घसरलीय आणि त्याला पत्ता नाही. हे त्यांना तोंडावर सांगायचं म्हणून मी तशीच उठले आणि शेजारी गेले. दार उघडंच होतं. अत्तार साहेब खुर्चीत, गिटार मांडीवर. समोर सतरंजीवर भाभी गात होत्या आणि त्यांची नजर अत्तार साहेबांच्या डाव्या हातावर होती. तो हात गिटारीच्या जाड तारेवर चौथ्या पडद्यापाशी, म्हणजे मानेवरच्या चौथ्या आडव्या रेघेपाशी, होता. काळी चार तिथंच वाजते, इतकी वर्षं भाभी त्या हाताकडे बघूनच सुरुवात करत आल्या होत्या. खुंट्यांजवळच्या त्या यंत्राचा दिवा हिरवा होता.

अत्तार साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी कुठून आले हे त्यांना कळलं असावं, भिंत एकच आहे. त्यांनी मान हलवली, नाही अशी, अगदी थोडी. माझ्या तोंडात आलेलं वाक्य मी गिळलं. हे माझ्या स्वभावात बसत नाही, विचारा कुणालाही.

मी तिथं खाली बसले आणि बसल्या बसल्या मला एकेक गोष्ट दिसायला लागली. भाभींचा गळा ऑपरेशननंतर दोन सूर खाली आला होता. तपासणीपुरता सा कसाबसा लागत होता, पण काळी चारमध्ये गाणं आता पेलणार नव्हतं. अत्तार साहेबांनी हात दोन पडदे मागे घेतला असता तर एका मिनिटाचं काम होतं. पण मग तो हात भाभींना दिसला असता, आणि त्या पोळ्या लाटायला निघून गेल्या असत्या. म्हणून त्यांनी हात होता तिथंच ठेवला आणि अख्खी गिटार खाली आणली, रोज केसभर. पण तारा केसभर सैल केल्या की पोटातल्या स्प्रिंगा जिंकतात आणि घोडी मागे ओढली जाते. म्हणून पुन्हा पाठ उघडायची, पुन्हा स्क्रू, पुन्हा सगळ्या तारा, पुन्हा झोका जागेवर येतो का हे बघायचं. सैल तारा लुळ्या वाजू नयेत म्हणून जाड तारा, आणि म्हणून ती कानस. इतके महिने आम्ही ज्याला गिटारीचा बिघाड म्हणत होतो तो बिघाड नव्हताच.

आणि त्या यंत्राचा शून्य, म्हणजे हिरवा दिवा ज्या सुराला लागतो तो सूर, हलवता येतो. अनिकेतला नंतर मी सहज म्हणून विचारून घेतलं. मुनीर अत्तार यांनी त्या यंत्राचा शून्य खाली सरकवला होता.

मला दारापर्यंत पोचवायला ते उठले. बाहेर येऊन म्हणाले, "वहिनी, यंदा ओलावा फार आहे. पेट्या फुगतात."

मी म्हटलं, "हो. माझी तर पार फुगलीय."

दिवाळी पहाटेला पार्किंग झाडून, रांगोळी काढून तयार होतं. दामल्यांनी जिकडेतिकडे दिव्यांच्या माळा सोडल्या होत्या. थंडी चांगली पडली होती आणि सगळी सोसायटी शाली पांघरून खुर्च्यांवर. मी पुढे जाऊन बसणार एवढ्यात बघते तर अनिकेत स्टेजच्या कडेला आपला कीबोर्ड मांडून बसलेला. म्हणाला, "काकू, काकांना सांगू नका. फक्त मागे काळी चारचा एक सूर धरून ठेवतो. सरप्राइज." पोरगा मनापासून बोलत होता. त्याला रागवावं असं त्यानं काहीच केलेलं नव्हतं. मी वाकले, त्याची पिन काढली आणि त्या जागी दामल्यांची एक माळ लावली. "पॉइंट कमी आहेत," म्हटलं. तो वायर शोधत राहिला तोवर अत्तार साहेबांनी पहिला सूर छेडला होता.

भाभी गायल्या. सुरुवातीला आवाज जरा थरथरला, मग बसला. पहिल्यापेक्षा तो जाड झाला होता आणि मला विचाराल तर जास्त चांगला झाला होता. 'झोका' शब्द आला, भाभींचा सूर खाली निघाला, अत्तार साहेबांनी दांडी दाबली, दोन्ही खाली गेले आणि दोन्ही वर आले. सुधीरनं शिट्टी मारली. तो कधी शिट्टी मारत नाही. त्याला मारताही येत नाही.

गाणं संपलं तेव्हा टाळ्यांच्या आधी, सवयीनं, अत्तार साहेबांनी माईकसमोरच विचारलं, "आलं का?" लोक हसले. भाभी त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "आलं." तेव्हा अत्तार साहेब हलकेच "पास" म्हणाले. तो शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

नंतर फराळाची ताटं फिरत होती. अत्तार साहेब एका कोपऱ्यात अनिकेतला स्प्रिंग समजावून सांगत होते. भाभी चकली घेऊन माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"त्या पोराची वायर तुम्ही काढलीत," त्या म्हणाल्या. "मी बघितलं."

मी म्हटलं, माळ लावायची होती.

त्यांनी चकलीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "वहिनी, गाणाऱ्या बाईला स्वतःचा गळा कळत नाही असं वाटतं तुम्हाला? काळी चार मला इथं लागायची." त्यांनी भुवयांच्या मध्ये बोट ठेवलं. मग ते बोट खाली आणून गळ्यावरच्या व्रणापाशी ठेवलं. "आता इथं लागते. सूर खाली सरकतोय हे मला पहिल्याच दिवशी कळलं."

मग गायलात कशा, असं मी कसंबसं विचारलं.

"हात मागे घेऊन वाजवलं असतं तर मी उठून गेले असते. तुम्हाला माझी जीभ माहीत आहे." त्या अत्तार साहेबांकडे बघत होत्या. ते हातवारे करून अनिकेतला घोडी कशी मागे बसते ते दाखवत होते. "पण त्यांनी झिरो हलवला वहिनी. या माणसानं. भाजीवालीचे पाच ग्रॅम ज्याला चालत नाहीत त्यानं. त्यापुढे मी काय माझी काळी चार घेऊन बसू?"

त्यांचे डोळे भरून आले होते आणि माझेही. मी उगीच चकली खारट झाली का विचारलं. त्या म्हणाल्या, "रिवर्क." मग म्हणाल्या, "त्यांना सांगू नका मला माहीत आहे म्हणून. सांभाळून ठेवलंय त्यांनी ते."

मी कुणाला सांगितलं नाही. माझी पेटी मी बैठकीतून उचलून मागच्या खोलीत नेली. सुधीरनं विचारलं, इकडं का आणलीस? म्हटलं, त्या भिंतीला ओल येते.

परवा सकाळी चहा गाळत होते. भिंतीपलीकडे नेहमीसारखं टंऽऽग वाजलं, सूर खाली गेला, वर आला आणि थांबला. माझ्या कानाला तो अगदी जागेवर आला होता.

"आलं का?" अत्तार साहेबांनी विचारलं.

भाभींचा आवाज लगेच आला नाही. थंडीचे दिवस आहेत, त्यांचा गळा सकाळी जड असतो.

"नाही," त्या म्हणाल्या. "केसभर वर आहे."

ते वर नव्हतं. भाभींना आणखी केसभर खाली हवं होतं, आणि त्या घरात ते मागायची ही एकच रीत होती.

"असं म्हणतेस? बघतो," अत्तार साहेब म्हणाले. मग गिटार उताणी ठेवल्याचा आवाज आला, आणि पाठीवरच्या झाकणाचे स्क्रू एकेक करून निघायला लागले.